मशीन घ्या, स्वेटर आम्ही परत घेतो

स्वेटर विणायचं मशीन आमच्याकडून घ्या, शिकवणं मोफत, लोकर आमची, तयार माल उचलण्याची हमीही आमची. असं कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. या योजनेत मी फसले, माझ्याबरोबरच्या इतर बायकाही फसल्या. त्यातल्या प्रत्येकीची समजूत करून दिली होती की तुमचाच हात अजून बसलेला नाही. हात बसण्याचा काही संबंध नव्हता. जे काम आमच्याकडून मागितलं जात होतं ते त्या मशीनवर होणंच शक्य नव्हतं, आणि मशीन विकणाऱ्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पैसे भरल्यावर मशीनबरोबर नमुना म्हणून एक स्वेटर मिळाला. व्ही गळा, साधी वीण, पातळ आणि मऊ. "ताई, फक्त असेच विणायचे. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल," असं एजंट म्हणाला. करारातही तेच: नमुन्याबरहुकूम असलेला मालच स्वीकारला जाईल. सगळी मेख त्या एका शब्दात होती.

पहिला माल परत आला तो "वीण जाड आहे" म्हणून. टाक्याचा सैलपणा ठरवणारी डायल कमी करून टाका घट्ट केला, तर कॅरेज, म्हणजे सुयांवरून इकडून तिकडे सरकवायचा भाग, रेटायला दोन्ही हात लागायला लागले आणि कडेचे टाके सुटायला लागले. तेव्हा मी नमुना टेबलावर पसरला, वर पट्टी ठेवली आणि टाचणीच्या टोकाने एकेक टाका मोजला. ५ सेंटिमीटरमध्ये २९ टाके, म्हणजे १० सेंटिमीटरला ५८. माझ्या तुकड्यात तेवढ्याच रुंदीत जेमतेम ३० होते.

घरगुती मशीनचा हा हिशेब समजून घ्या, कारण तो समजला की कुणी फसवू शकत नाही. गेज म्हणजे सुया किती जवळ-लांब बसवल्या आहेत त्याचं माप. स्टँडर्ड गेजच्या मशीनमध्ये २०० सुया असतात आणि दोन सुयांमधलं अंतर साडेचार मिलिमीटर असतं. म्हणजे १० सेंटिमीटरच्या पट्ट्यात साधारण २२ सुया. विणलेलं कापड मशीनवरून उतरलं की आवळतं, म्हणून नेहमीच्या मध्यम लोकरीत तेवढ्याच रुंदीत २८ ते ३० टाके बसतात. लोकर अगदी बारीक घेतली आणि टाका घट्ट ठेवला तर चाळिशीच्या आसपास जाता येतं. ५८ टाके या मशीनवर कुणीही, कितीही वर्षं शिकून, काढू शकणार नाही. ती वीण कारखान्यातल्या बारीक गेजच्या मशीनची, जिथे एका इंचात १२ सुया बसवलेल्या असतात. आपल्या मशीनवर एका इंचात साडेपाचाच्या जरा वर बसतात.

म्हणजे आम्हाला दिलेला नमुना आम्हाला विकलेल्या मशीनवर विणलेलाच नव्हता.

मी फोन करून विचारलं, हा स्वेटर कुठल्या मशीनवर झाला? "आमच्या मास्तरांचं कसब आहे ताई, सहा महिन्यांत तुमचंही होईल." मग म्हटलं, मास्तरांना पाठवा, माझ्या मशीनवर, माझ्यासमोर, एवढा तळहाताएवढा तुकडा विणून दाखवू दे. मास्तर कधीच आले नाहीत.

पण नुसता माल नाकारून त्यांचं काम संपत नव्हतं. दर वेळी नाकारण्याचं कारण वेगळं असायचं, आणि प्रत्येक कारणावरचा उपाय त्यांच्याकडेच विकत मिळायचा. नमुन्याच्या कमरेला आणि मनगटाला खरी रिब होती, एक सुलटा एक उलटा. सुयांचा एकच पट्टा असलेल्या मशीनवर सगळे टाके एकाच बाजूने पडतात. तिथे खरी रिब हवी तर एकाआड एक टाका खालपर्यंत उसवून हातातल्या लॅच टूलने, म्हणजे जीभ असलेल्या आकड्याने, उलट बाजूने वर चढवत न्यावा लागतो. मी तसं केलं, बॉर्डर छान बसली, तरी "हाताची बॉर्डर चालत नाही". त्यासाठी रिबर घ्या, म्हणजे समोरून बसणारा सुयांचा दुसरा पट्टा. तो घेतला तर माझ्या मशीनच्या कंसात बसेना, कारण रिबर त्याच कंपनीचा आणि त्याच गेजचा असावा लागतो आणि हा दुसऱ्याच जातीचा होता. पुढची तक्रार गळ्याच्या जोडणीची. नमुन्यात गळपट्टी टाक्याला टाका लावून जोडलेली होती, म्हणून आता लिंकिंग मशीन घ्या. तिथे मी थांबले. काही जणींनी तेही घेतलं.

मशीन नवं म्हणून दिलं होतं. नव्हतं. प्रात्यक्षिकात शिकवणाऱ्या बाईंनी मधल्या पन्नासेक सुयांवर साधी वीण सर्रसर्र काढून दाखवली होती, आणि तेवढ्यात काहीच कळत नाही. १०० सेंटिमीटर छातीच्या स्वेटरची नुसती पाठ ५० सेंटिमीटरची, म्हणजे १५० टाक्यांची. मी पूर्ण रुंदीवर पहिली पाठ घातली तेव्हा दोन्ही कडांना टाके गळू लागले. सुया उपसून पाहिल्या. कडेच्या कित्येक सुया किंचित वाकलेल्या, काहींची टोकाशी उघडमीट करणारी जीभ अडकलेली. मधल्या चांगल्या आणि खराब सगळ्या कडेला सरकवलेल्या. सुयांच्या वरून जाणारी स्पंजची पट्टी बाहेर ओढली तर तिचा स्पंज दबून चपटा झालेला, बोटाला काळा भुगा लागला. ही पट्टी सुया खाली दाबून धरते. स्पंज बसला की सुया वर उचलल्या जातात आणि टाके सुटतात. जुन्या मशीनची ही सगळ्यात नेहमीची दुखणी आहेत, दुरुस्त होण्यासारखी आहेत आणि जुनं मशीन घेण्यात काही वाईटही नाही. जुनं मशीन रंग देऊन नवं म्हणून विकणं ही मात्र लबाडी आहे.

लोकरीच्या वजनातही घेतलं. लोकर कोनवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळलेली मिळायची, वजन करून, अनामत घेऊन. माल परत देताना स्वेटर आणि उरलेली लोकर मिळून तेवढं वजन भरायला हवं, कमी भरलं तर अनामतीतून कापणार. पण देताना केलेल्या वजनात कोनचा पुठ्ठा धरलेला असायचा. शिवाय मशीनवर सरळ चालावी म्हणून कोनवरच्या लोकरीला बरेचदा तेल लावलेलं असतं. स्वेटर धुऊन, वाफ देऊन द्यायची अट होती. धुतल्यावर तेल निघून जातं आणि वजन उतरतं. म्हणजे नीट काम करणाऱ्या बाईच्याही अनामतीतून कापणं ठरलेलंच. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण जिने हात जपून, एक धागा वाया न घालवता विणलं, तिला लोकर चोरल्यासारखं ऐकून घ्यावं लागलं. एक जण तर माझ्यादेखत रडली.

शेवटी अनामत मागितली तेव्हा खरं गणित बाहेर आलं. "दोन नव्या बायका आणा, अनामत लगेच सुटेल." त्यांना स्वेटर कधी हवेच नव्हते. आमचा माल कुठल्या दुकानात जातो, कोण घेतं, हे कुणाला सांगता आलं नाही. पैसा मशीन विकण्यातच होता.

कुणी अशी योजना घेऊन आलं तर नमुना हातात घ्या, पट्टी ठेवा, १० सेंटिमीटरमधले टाके मोजा आणि मशीनवरच्या दोन सुयांमधलं अंतर विचारा. मग म्हणा, हाच तुकडा याच मशीनवर, याच लोकरीत माझ्यासमोर विणा, आणि पन्नास सुयांवर नाही, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पंचकार्डचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी काढणारं मशीन असेल तर कार्ड घालून नक्षीही काढायला लावा. त्यात नक्षी २४ टाक्यांनी पुन्हा सुरू होते, कार्ड वाचणारी एखादी पट्टी आत अडकलेली असेल तर दर २४ टाक्यांनी तीच चूक उठून दिसते. रिबर घ्यायचाच असेल तर तो मशीनला लावून चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. लोकर मोकळ्या कोनचं वजन वजा करून लिहून घ्या, आणि धुतल्यावर येणारी तूट कुणाच्या खात्यात तेही करारात लिहायला सांगा. यातल्या एकाही गोष्टीला खरा धंदा करणारा माणूस नकार देणार नाही.

जे आधीच अडकले आहेत त्यांनी नाकारलेला प्रत्येक माल कोणत्या कारणाने नाकारला ते त्यांच्याकडून लेखी घ्यावं, नुसतं फोनवर ऐकून सोडू नये. नमुना परत मागितला तरी टाके मोजून, पट्टीसकट फोटो काढून झाल्याशिवाय देऊ नका. माझ्याकडे तो फोटो होता म्हणून निदान रिबरचे पैसे परत मिळाले. आणि अनामत सुटावी म्हणून बहिणीला, जावेला, मैत्रिणीला यात ओढू नका. आमच्यातल्या जिने दोघींना आणलं, तिची अनामतही सुटलेली नाही.