चितारआळीतला पांगुळगाडा
सावंतवाडीच्या चितारआळीतून दीड वर्षाच्या नातवासाठी पांगुळगाडा आणि लाकडी फळांची टोपली आणली. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय पेज पोटात जात नव्हती. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ साली सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. (मुंबईच्या बाबाची सोय राहिली, नशीब!)

गाडा दणकट. सारवलेल्या खळ्यात झकास चालतो, टाइल्सवर सटकतो, मागे माणूस हवंच. टोपलीतला फणस म्हणजे फर्मास काम! काटे एकेक कोरलेले. नातू त्यावर बोट फिरवत बसतो, तेवढ्यात चार घास जातात. केळ्याचा देठ मात्र पहिल्याच हिसक्याला निघाला. असलं काही पोराने गिळलं तर? घेताना देठ ओढून बघाच. रंगाचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "चाटल्यान तरी जावचो नाय." घरी ओल्या फडक्याने खसाखसा घासला, खरंच गेला नाही.

भाव चढा, घासाघीस चालत नाही. गाड्याला पाचपैकी पाच, टोपलीला तीन. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, चुलीजवळच्या फळीवर ठेवा.