व्हॉइसविस्टाची पारख: कानाला दिशा कळते, फुटपाथ कळत नाही

अंध व्यक्तींना आवाजाच्या मदतीने वाट कळावी म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेलं साउंडस्केप हे ॲप २०२३ मध्ये बंद केलं, पण त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला करून ठेवला. त्याच कोडवर उभं राहिलेलं मोफत ॲप म्हणजे आयफोनवरचं व्हॉइसविस्टा. 'पन्नास मीटरवर डावीकडे वळा' अशा सूचनांच्या अपेक्षेने ते उघडलं तर निराशा होईल. त्याची गंमत वेगळीच आहे. एखादं ठिकाण निवडून बीकन, म्हणजे आवाजाची दिशादर्शक खूण, लावलं की त्या ठिकाणाच्या दिशेने ठोका ऐकू येतो. तोंड बरोबर तिकडे असेल तर ठोक्याचा आवाज बदलतो, मान वळवली की तो एका कानाकडे सरकतो. दोन्ही कानांना वेगळा आवाज लागतो, त्यामुळे हेडफोन स्टिरिओच हवेत. हाडांतून आवाज पोचवणारे सर्वांत बरे, कारण कान उघडे राहतात. बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन घालून रस्त्यावर उतरूच नये, रिक्षा ऐकू येणार नाही.

ॲपच्या पडद्यावर खाली असलेल्या चार बटणांपैकी 'माय लोकेशन' जवळचा रस्ता आणि तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगतं. 'अराउंड मी' चारही बाजूंचं सांगतं, 'अहेड ऑफ मी' फक्त समोरचं. फोन आडवा, पडदा आकाशाकडे आणि वरची कड पुढे असा धरला तर होकायंत्राची दिशा मिळते. लॉक करून खिशात टाकला की तुम्ही ज्या दिशेने चालताय तीच दिशा धरली जाते. म्हणूनच फोन खिशात ठेवून थांबलात की दिशा भरवशाची राहत नाही. मॅग्नेटवालं कव्हर किंवा शेजारचं लोखंडी रेलिंग होकायंत्र बिघडवतं, कव्हर आधी काढावं.

खरी अडचण जीपीएसची. मोकळ्या आकाशाखालीही फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. पेठेतल्या गल्लीची रुंदी कधीकधी तेवढीच भरते! त्यात उंच इमारतींवर आपटून येणारे सिग्नल चूक आणखी वाढवतात. तुम्ही रस्त्याच्या डाव्या बाजूला आहात की उजव्या, हे ॲपला कळत नाही. खड्डा, उघडं गटार, फुटपाथवर लावलेली दुचाकी यांपैकी काहीच कळत नाही. पांढरी काठी हातात हवीच.

बीकन सरळ रेषेत बोलावतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. बालगंधर्व रंगमंदिराजवळ उभं राहून शनिवारवाड्याचं बीकन लावलं तर ठोका थेट मुठेच्या पलीकडून येणार. त्याच्या मागे गेलात तर पूल लागेलच असं नाही. अशा वेळी पुलाच्या दोन्ही टोकांना मार्कर, म्हणजे ॲपमध्ये जागेची खूण, टाकून रूट बनवावा आणि एकेक टप्पा गाठत जावं. मार्कर टाकताना प्रत्यक्ष त्या जागी काही क्षण स्थिर उभं राहावं, नाहीतर तो भलत्याच जागी बसतो.

चाचणी ओळखीच्या रस्त्यावर, डोळस सोबती किंवा मोबिलिटी ट्रेनर (अंधांना स्वतंत्रपणे फिरायला शिकवणारा) घेऊन करावी. चौक ॲपकडून प्रत्यक्षात किती पावलं आधी किंवा नंतर सांगितला जातो ते त्या सोबत्याने मोजावं. एकच चौक दोन्ही दिशांनी, निदान तीन वेळा. चूक दर वेळी बदलत असेल तर दोष जीपीएसचा. दर वेळी एकाच बाजूला सारखीच असेल तर बहुधा नकाशाचा.

नकाशाचा दोष मात्र आपल्याला काढता येतो. ॲपमधली माहिती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून येते, तिथे कोणीही भर घालू शकतं. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप रस्त्यावर उभ्या उभ्या प्रश्न विचारतं, त्यात क्रॉसिंगवर स्पर्शाने कळणाऱ्या फरशा आहेत का हाही प्रश्न असतो. डोळस मित्राला तेवढं काम द्यावं. दुकानांची नावं भरताना देवनागरी नाव मराठीच्या वेगळ्या रकान्यात भरावं आणि मुख्य नाव पाटीवर जसं आहे तसंच ठेवावं. दुरुस्ती ॲपमध्ये लगेच दिसत नाही. काही दिवस थांबून तोच चौक पुन्हा मोजावा.