एका फॉर्मवर तीन सबमिट बटणे: जँगोमधील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या कार्यालयातील रजेच्या अर्जाचा फॉर्म जँगोमध्ये (पायथनमधील वेबसाइट बनवण्याच्या चौकटीत) केलेला असून त्यावर ‘मसुदा जतन करा’, ‘सादर करा’ आणि अधिकाऱ्यांसाठी ‘मंजूर करा’ अशी तीन सबमिट बटणे आहेत. प्रत्येक बटणाला वेगळे नेम (एचटीएमएलमध्ये दिलेले name) द्यायचे आणि त्यांपैकी कोणते नेम पोस्टमध्ये (फॉर्मसोबत सर्व्हरकडे आलेल्या डेटात) आले आहे एवढेच व्ह्यूमध्ये (ती विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) पाहायचे, ही पद्धत आम्ही पहिल्यापासून ठेवली. जे बटण दाबले जाते त्याचेच नेम ब्राउझर पाठवतो, त्यामुळे यासाठी जावास्क्रिप्ट लागत नाही. जँगोसोबत तयार मिळणारे व्यवस्थापनाचे पान, अर्थात अ‍ॅडमिनही आपली जतन करण्याची निरनिराळी बटणे याच रीतीने ओळखते. बटणावरचा मजकूर ताडून निर्णय घेणाऱ्या कोडपेक्षा ही पद्धत मला कितीतरी टिकाऊ वाटते, कारण उद्या ‘सादर करा’चे ‘पुढे पाठवा’ केले तरी व्ह्यूतील एकही ओळ बदलावी लागत नाही.

खरी काळजी एंटरची घ्यावी लागते. मजकुराच्या रकान्यात एंटर दाबले की एचटीएमएलमध्ये सर्वांत आधी येणारे सबमिट बटण दाबल्याचे ब्राउझर धरतो, मग ते पडद्यावर कोठेही दिसत असो. अर्धवट भरलेला अर्ज वरिष्ठांकडे जाणे कोणत्याही कर्मचाऱ्याला त्रासाचेच, म्हणून मसुद्याचे बटण आम्ही पहिले ठेवले. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) क्रम उलटवणे मुद्दाम टाळले, कारण टॅबने फिरणाऱ्याला पडद्यावर एक क्रम दिसतो आणि हाताखाली दुसराच येतो.

दुहेरी सबमिट टाळण्यासाठी बटण लगेच डिसेबल (निष्क्रिय) करण्याची रूढ युक्ती येथे घातक ठरते. फॉर्मचा डेटा सबमिट इव्हेंटनंतर (फॉर्म पाठवताना ब्राउझर पानावरील कोडला देतो त्या सूचनेनंतर) गोळा होतो आणि डिसेबल झालेले बटण त्यातून गळते, त्यामुळे अर्ज सर्व्हरवर पोहोचतो, पण तो कशासाठी पाठवला हे कळायला मार्ग उरत नाही. आम्ही बटणाला हात न लावता दुसरा सबमिट इव्हेंटच रोखतो, आणि कोणतेही नेम आले नाही तर अर्ज मसुदा म्हणूनच जतन करतो.

मसुद्याच्या बटणावर एचटीएमएलमधील फॉर्मनोव्हॅलिडेट (तपासणी न करता पाठवण्याची खूण) लावले की ब्राउझर रिकाम्या रकान्यांसाठी अडवत नाही. परंतु सर्व्हरवरील तपासणी वेगळी असल्याने मसुद्यापुरती त्या रकान्यांची सक्ती फॉर्मच्या क्लासमध्येही काढावी लागते. तारखेच्या कॉलममध्ये नल (मूल्य नसलेली नोंद) चालत नसेल, तर फॉर्म वैध ठरूनही डेटाबेस अडवतो.

‘मंजूर करा’ हे बटण टेम्प्लेटमधून (पानाच्या एचटीएमएल साच्यातून) लपवल्याने अधिकार सुरक्षित होत नाहीत. ते नेम कोणीही हाताने पाठवू शकतो, म्हणून व्ह्यूतील मंजुरीच्या भागात शिरण्यापूर्वी परवानगी तपासणे अनिवार्य आहे, आणि साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून तेच नेम पाठवून नकार मिळतो हे पाहणारी टेस्टही आम्ही लिहिली आहे.