टीव्ही दिसणारा साधा मोबाइल: घरातल्या ज्येष्ठांसाठी कोणता घ्यावा?

इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटमध्ये ‘टीव्हीवाला साधा फोन’ मागितला, तर काउंटरवर निरनिराळ्या जातीचे फोन एकाच नावाने मांडले जातात. खोक्यावर ‘लाइव्ह टीव्ही’ असे छापलेले असते, पण चित्र येणार कुठून, हे खोके सांगत नाही. ते एकतर दूरदर्शनच्या प्रक्षेपकाकडून हवेतून थेट अँटेनावर येते, किंवा मोबाइल कंपनीच्या डेटावरून येते. पहिल्या प्रकारात सिम नसले तरी चालते आणि महिन्याचा खर्च काही नसतो. दुसऱ्या प्रकारात रिचार्ज संपला की टीव्हीही संपला. घेणाऱ्याने सर्वांत आधी हाच प्रश्न विचारावा, कारण पुढचे सगळे हिशेब त्याच्यावर बसतात.

ही तुलना रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरातल्या अशा घरांसाठी आहे, जिथे आजी-आजोबांना स्मार्टफोन नको आहे, बटणांचा फोन हाताशी बसलेला आहे, आणि फोनवर बोलण्याखेरीज मराठी बातम्या आणि एखादी मालिका पाहता आली तर हवी आहे.

बाहेर ओढायची दांडी असलेले फोन आधी बाजूला काढू. पंधराएक वर्षांपूर्वी चिनी बनावटीचे हे फोन सर्रास मिळत, आणि जुन्या मालाच्या दुकानांत ते अजूनही दिसतात. त्यांच्यातील ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, फक्त जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचे संकेत पकडतो. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने आपले अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपक, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरचे प्रक्षेपक, टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च 2022 नंतर सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे 50 तेवढे ठेवायचे, असे ते धोरण होते. इंदुरात हा फोन लावला तर पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसणार नाही. दांडी चकचकीत आहे आणि किंमत नाममात्र आहे, एवढ्यावर भुलून तो घेऊ नये. दुकानदार “चल जाएगा, भिया” म्हणाला, तर तिथेच चालवून दाखवायला सांगावे.

इंदूरच्या बाबतीत एक पोटकलम मात्र नोंदवायला हवे. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने देशातील 16 शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले, त्यांत भोपाळच्या जोडीने इंदूरही होते. कल्पना चांगली होती: मोबाइलवर दूरदर्शनच्या काही वाहिन्या, तेही डेटा न खर्चता. परंतु ते पाहण्यासाठी डीव्हीबी-टी2 या डिजिटल पद्धतीचा ट्यूनर लागतो, आणि तो बहुतेकांना ओटीजी, म्हणजे बाहेरचे उपकरण जोडण्याची सोय असलेल्या स्मार्टफोनला किंवा टॅबलेटला डोंगल हे छोटे उपकरण जोडूनच मिळवावा लागे. बटणांच्या साध्या फोनला असे डोंगल जोडता येत नाही. त्यामुळे सरकारी योजनेच्या कागदावर इंदूरचे नाव असूनही, आपल्या प्रश्नापुरता तिचा उपयोग नाही.

उरतात ते डेटावर चालणारे फोन, आणि खरी निवड त्यांच्यातच करायची आहे. त्यांचे तीन गट पडतात. पहिला जिओ कंपनीचा जिओभारत: जुलै 2023 मध्ये त्याचे व्ही2 हे रूप 999 रुपयांना आले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये व्ही3 व व्ही4 हे 1099 रुपयांचे फोन जाहीर झाले, ज्यांत 455 हून अधिक वाहिन्या दाखवणारे जिओटीव्ही हे ॲप आहे. दुसरा 2017 सालचा जिओफोन, जो आता मुख्यतः जुन्या वापरलेल्या स्थितीत मिळतो. त्याचा पडदा 2.4 इंचांचा आणि बॅटरी 2000 एमएएचची आहे, आणि त्यावरही जिओटीव्ही चालत आलेले आहे. तिसरा एचएमडी कंपनीचे नोकिया 3210 सारखे 4जी फोन, ज्यांत क्लाउड ॲपमधून, म्हणजे इंटरनेटवरूनच चालणाऱ्या ॲपमधून, यूट्यूबच्या छोट्या चित्रफिती, बातम्यांचे मथळे आणि क्रिकेटचा धावफलक मिळतो. या तिसऱ्या गटाला टीव्हीचा फोन म्हणणे म्हणजे शब्दांची ओढाताण आहे. वाहिनी लावून ती चालू ठेवायची, ही ज्यांची सवय, त्यांना तो पहिल्याच दिवशी अपुरा वाटेल.

आता पडद्याकडे जरा थांबून पाहू, कारण जाहिरातीत वाहिन्यांची संख्या मोठ्या अक्षरांत असते आणि पडद्याचे माप बारीक अक्षरांत. जिओभारत व्ही2चा पडदा 1.77 इंचांचा, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेचार सेंटिमीटर. टीव्हीचे चित्र आडवे, सोळास नऊ प्रमाणातले असते. ते या पडद्यावर पूर्ण बसवले, तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच एवढेच उरते. वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. वृत्तनिवेदकाचा चेहरा ओळखू येतो, पण खालून सरकणारी बातम्यांची पट्टी चष्मा लावूनही वाचता येत नाही, आणि मराठी वृत्तवाहिन्या निम्म्या बातम्या त्या पट्टीतच सांगतात. जिओफोनच्या 2.4 इंचांवर तेच चित्र क्षेत्रफळाने जवळपास दुप्पट होते. तरीही ते लहानच, पण मालिकेत दार उघडून कोण आत आले, हे कळण्याइतके मोठे. ज्यांना टीव्ही ‘ऐकायचा’ आहे, म्हणजे स्वयंपाक करताना किंवा पूजेची तयारी करताना कानावर पडला तरी पुरे, त्यांना हा फरक जाणवणार नाही. त्यांनी त्याऐवजी स्पीकरचा आवाज दुकानातच, रस्त्याच्या गोंगाटात, मोठा करून पाहावा.

खर्चाचा हिशेब फोनच्या किमतीवर संपत नाही. जिओभारत आला तेव्हा त्याच्यासाठी 123 रुपयांचा, 28 दिवसांचा रिचार्ज ठेवलेला होता, ज्यात अमर्याद बोलणे आणि 14 जीबी डेटा, म्हणजे दिवसाला अर्धा जीबी मिळत असे. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज पडतात, आणि 123 च्या दराने ते 1599 रुपये होतात. म्हणजे पहिल्याच वर्षी रिचार्जवर फोनच्या किमतीपेक्षा जास्त खर्च होतो. हे महाग आहे असे नाही. बोलण्यासाठी रिचार्ज तसाही करावाच लागतो. फक्त ‘हजार रुपयांत टीव्ही’ हे वाक्य मनातून काढून टाकावे. दर बदलत असतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी चालू असलेला दर विचारूनच हा गुणाकार करावा.

अर्धा जीबी पुरतो का? लहान पडद्यासाठी चित्र सेकंदाला 300 किलोबिटच्या वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे 135 एमबी जातात, आणि अर्ध्या जीबीत साडेतीन तासांहून थोडे अधिक पाहता येते. वेग 500 किलोबिट झाला, की तेच सव्वादोन तासांवर येते. सकाळच्या बातम्या आणि संध्याकाळची एक मालिका एवढ्यासाठी ते पुष्कळ आहे. दिवसभर टीव्ही लावून ठेवण्याची सवय असेल, तर दुपारनंतर चित्र अडखळू लागेल आणि दोष फोनला दिला जाईल. बॅटरीची गोष्टही अशीच. चित्र चालू असताना पडदा, प्रोसेसर आणि नेटवर्क तिघेही एकाच वेळी तिच्यावर जगतात. व्ही3-व्ही4 मधील 1000 एमएएच ही बोलण्यासाठी ऐसपैस, पण पाहण्यासाठी बेताची आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो, आणि दुकानात तो कोणी काढत नाही. जिओभारत आणि जिओफोन दोन्ही फक्त जिओच्या सिमवर चालतात, आणि त्या नेटवर्कवर हे फोन फक्त 4जीने चालतात. 4जी मिळाले नाही, तर आधाराला जुने 2जी नाही. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात, तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत 4जी पोहोचत नसेल, तर टीव्ही तर जाईलच, पण फोनही लागणार नाही. म्हणून फोन घेण्यापूर्वी घरातल्या कोणाच्या तरी फोनमधले जिओचे सिम घेऊन, आजी जिथे बसतात नेमक्या त्या जागी एखादी वाहिनी दहा मिनिटे लावून पाहावी. त्यात भर पडते ती नंबराची. अनेक निवृत्तांचा नंबर वर्षानुवर्षे दुसऱ्याच कंपनीचा असतो आणि पेन्शनचे खाते, आधार, गॅसची नोंदणी सगळे त्याला जोडलेले असते. तो कायम ठेवून कंपनी बदलता येते: 1900 या क्रमांकावर ‘पोर्ट’चा संदेश पाठवून कोड मिळवायचा, आणि एकाच दूरसंचार परिमंडळात हे काम तीन कामकाजाच्या दिवसांत होते. मात्र बँकेचा ओटीपी अपेक्षित असलेल्या आठवड्यात हा उद्योग करू नये. ज्यांना जुने सिम हलवायचेच नाही, त्यांच्यासाठी एचएमडीचा दोन सिमांचा फोन सरस ठरतो, आणि टीव्हीचा हट्ट तेवढा सोडावा लागतो.

जिओफोन सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्यावर व्हॉट्सॲप जून 2024 पासून नव्याने उतरवता येत नाही. नातवंडांचे फोटो त्यावर येतील, या आशेने तो घेणार असाल, तर आशा सोडा. मोठ्या पडद्यासाठी घेत असाल, तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे मागचे झाकण काढून बघा.

क्रिकेटबद्दल इंदुरात बोलायलाच हवे, कारण सामना जिंकला की अख्खे शहर राजवाड्यावर जमते. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीशी वाटून घ्यावे लागते, पण ते तिच्या भूप्रक्षेपणापुरते आणि स्वतःच्या डीटीएच सेवेपुरतेच. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच मर्यादा उचलून धरली. म्हणून फोनवरच्या ॲपमध्ये दूरदर्शनची वाहिनी असली, तरी तिच्यावर सामना दिसेलच असे गृहीत धरू नये. आणि जो दिसेल तो काही सेकंद मागे असेल. षटकाराची आरोळी शेजारच्या घरातून आधी ऐकू येईल.

पाहणारी व्यक्ती दिवसभर घरीच असेल, तर मोबाइलवर टीव्ही हा मुळात चुकीचा खर्च ठरू शकतो. डीडी फ्री डिशची तबकडी आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच घ्यावे लागतात, मासिक शुल्क नसते, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. मग फोन फक्त बोलण्यासाठी, मोठ्या बटणांचा, कोणत्याही कंपनीचा घेता येतो. हा पर्याय दुकानदार सुचवणार नाही.

काही जण ‘आता विनाडेटा टीव्हीचे फोन येणार आहेत’ म्हणून थांबून आहेत. मे 2025 मध्ये मुंबईच्या वेव्हज या माध्यम-मनोरंजन क्षेत्राच्या परिषदेच्या सुमारास लावा आणि एचएमडी यांनी डायरेक्ट-टु-मोबाइल पद्धतीचे साधे फोन जाहीर केले. त्यांत तेजस नेटवर्क्सची चिप आहे आणि ते प्रक्षेपकाकडून थेट चित्र घेतात. तंत्र खरे आहे, त्याच्या चाचण्या दिल्ली आणि बंगळूर येथे झालेल्या आहेत. पण फोन हातात असून शहरात त्या पद्धतीचा प्रक्षेपक नसेल, तर 2016 च्या डीव्हीबी-टी2 ची पुनरावृत्ती होईल. इंदूरचा प्रक्षेपक सुरू झाल्यावर तो फोन विकत घ्यावा, आधी नाही.

घरी जिओचे नेटवर्क चांगले असेल, नंबर बदलण्याची अडचण नसेल आणि दिवसाला दोन-तीन तास पुरत असतील, तर माझी शिफारस नव्या जिओभारतची आहे. दृष्टी अधू असेल तर चांगल्या स्थितीतला जिओफोन, व्हॉट्सॲपची अपेक्षा न ठेवता.