मृत्युंजय की युगांत? आधी कुठलं घ्यावं

दोन्ही महाभारतावरच, पण जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाजी सावंतांचं मृत्युंजय म्हणजे चांगली जाडजूड कादंबरी, कर्ण, कुंती, कर्णाची बायको वृषाली, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून सांगतात, भाषा एकदम अलंकारिक, कॉलेजच्या वयात वाचलं तर डोक्यातून उतरतच नाही, आणि कर्णावर अन्याय झाला हे शेवटी पक्कं होतं. इरावती कर्व्यांचं युगांत त्यामानाने छोटं, निबंधांचं, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. बाईंचा आधार म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून काढलेली महाभारताची संशोधित आवृत्ती, त्यामुळे लाड कोणाचेच नाहीत, अगदी कर्णाचेसुद्धा. घोषयात्रेत (कौरव गाईगुरं बघायच्या निमित्ताने वनवासातल्या पांडवांना खिजवायला गेले तेव्हा) गंधर्वांसमोरून हाच कर्ण पळाला आणि दुर्योधन पकडला गेला, हे मूळ महाभारतातच आहे (कर्णफॅन लोकांनो, चिडू नका). खांडववन जाळलं त्यावर तर कृष्ण-अर्जुनालाही सोडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर आधी मृत्युंजय, मनसोक्त रडून घ्या, मग युगांत. उलटं केलंत तर सावंतांच्या पानापानावर शंका येत राहतील आणि कादंबरीची मजाच जाईल. मूळ कथा अजिबात माहीत नसेल तर मात्र युगांत जड जाईल.