चूक पकडून खेळणे: ६ महिन्यांच्या तालमींनंतरचं मत

उत्स्फूर्त विनोदी प्रवेशांसाठी ‘चूक झाकू नका, वापरा’ ही पद्धत आठवड्याला २ तास, ८ जणांच्या गटात ६ महिने वापरून झाली. पद्धत चालते. पण तिच्या ज्या भागाचं जास्त कौतुक होतं, तो सर्वात कमी कामाचा.

तो भाग असा: जोडीने एक-दोन-तीन मोजायचं, मग ‘एक’ऐवजी टाळी, ‘दोन’ऐवजी पाय आपटायचा. चुकला की हात वर करून ‘चुकलो!’ ओरडायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. अंग मोकळं होतं, १० मिनिटं पुरे. दुसऱ्या महिन्यापासून त्या टाळ्या सवयीच्या होतात आणि प्रवेशात चूक झाली की चेहरा पूर्वीसारखाच पडतो.

फरक पडला तो वहीने. दोघांचा २ मिनिटांचा प्रवेश, तिसरा बाहेर बसून नावं, नाती, वस्तूंच्या जागा टिपतो. बापाने मुलाला आधी राजू म्हटलं, मग संजू. मुलगा लगेच: ‘बाबा, आई आत आहे. संजूचं नाव या घरात काढायचं नाही ठरलंय ना?’ झालं, प्रवेशाला विषय मिळाला! न दिसणाऱ्या टेबलातून एकजण आरपार चालत गेला, तर ‘अप्पा, काल तेरावं झालं तुमचं, अजून इथंच?’ याला हजरजबाबीपणापेक्षा कान जास्त लागतात. राजू लक्षातच नसेल, तर संजू ही चूक कळणार कशी? अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचं साइड-कोचिंग इथं फार उपयोगी पडतं: प्रवेश न थांबवता बाहेरून फक्त ‘नाव!’ एवढंच सांगायचं.

तीन वाक्यं उलटून गेली की ती चूक सोडून द्या. ‘स्वप्न होतं’, ‘प्यायलाय’, ‘वेड लागलंय’ ही कारणं आम्ही बंदच केली, कारण त्यांनी आधीचं सगळं पुसलं जातं.

चौथ्या महिन्यात नवं दुखणं आलं, हशा मिळतो म्हणून मुद्दाम चुकणं. प्रेक्षकांना ते लगेच कळतं. उपाय एकच लागू पडला: चुकणाऱ्याने स्वतः सारवासारव करायची नाही, चुकीमागचं कारण फक्त समोरच्याने द्यायचं. आणि एका प्रवेशात एकच चूक धरायची. दोन धरल्या की दोघं दोन गोष्टी सांगू लागतात.

कुणी खरंच पडलं, लागलं, तर प्रवेश तिथंच थांबवा. लिखित नाटकात हे आणू नका. पदरचं वाक्य घेतलं की समोरच्याचा क्यू (त्याने बोलायला सुरुवात करायची खूण) जातो, आणि त्याच क्यूवर दिवे बदलणारा माणूस अंधारात बटणावर हात ठेवून बसलेला असतो.