अमृत कोकम : तळाला खडे दिसले म्हणून एक स्टार देऊ नका

कुडाळकडच्या एका महिला बचत गटाचं अमृत कोकम (पाण्यात घालून सरबत करायचा कोकमाचा गोड पाक) मागवलं होतं, लिटरची काचेची बाटली, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. रंग गडद लाल आहे, वरून टाकलेल्या रंगासारखा भडक गुलाबी नाही, चव आधी आंबट मग गोड आणि शेवटी रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, तो किंचित तुरटपणा जिभेवर राहतो. गोड जरा जास्तच आहे पण एवढी साखर नसेल तर ते टिकणारही नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे बाकीचे रिव्ह्यू. बऱ्याच जणांनी लिहिलंय की फ्रिजमध्ये ठेवल्यावर तळाला खडे जमले, भेसळ आहे, जुना माल खपवलाय. अहो, ती साखरच आहे! हे बनतं कसं ते बघा ना, एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे फोडून बिया काढतात, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावतात, तोंडाला दादरा म्हणजे फडकं बांधून बरणी उन्हात ठेवतात, वरून पाण्याचा थेंबही घालत नाहीत. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि त्याच पाण्यात विरघळत जाते, बरणी जितकी तापेल तितकी जास्त आणि लवकर. १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाला साधारण १८० ग्रॅम साखर मावते आणि ५० अंशाला २६० च्या आसपास. म्हणजे उन्हात जेवढी मावली तेवढी सगळी फ्रिजच्या थंडीत मावायलाच हवी असं नाही, जास्तीची असेल ती खडे होऊन खाली बसते. बाटली बाहेर काढून ठेवा, मग कोमट पाण्यात उभी करा, मधून मधून हलवा, खडे जातात. एकदम उकळतं पाणी नको, थंड काच तडकते. आणि काही बाटल्यांत खडे होतच नाहीत, कारण कोकमातलं आम्ल हळूहळू साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, त्यामुळे खडे नाहीत म्हणजे साखर कमी घातली असंही समजू नका.

मग सरळ उकळून पाक का करत नाहीत? करतात की बरेच जण, १०० अंशाला तेवढ्याच पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर साखर विरघळते, काम झटपट होतं. पण कोकमाचा लाल रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो ते जास्त उष्णतेने खराब होतं, रंग मळकट होतो आणि ताज्या फळाचा वासही जातो. उन्हातल्या बरणीला दिवस लागतात, रोज हलवावी लागते, त्या मेहनतीचेच आपण थोडे जास्त पैसे देतो आणि ते मला अगदी योग्य वाटतात.

सरबत करायला एकदम सोपं, बर्फाच्या पाण्यातसुद्धा लगेच मिसळतं कारण साखर आधीच विरघळलेली आहे. पाकिटातली सरबताची पावडर थेट गार पाण्यात टाकली तर किती वेळ ढवळत बसावं लागतं आठवा, ती आधी साध्या पाण्यात विरघळवून मग बर्फ टाकावा. सैंधव मात्र बारीक पूड करूनच घाला. मिठाचं साखरेसारखं नसतं, १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला ३६ ग्रॅम आणि उकळत्यात जेमतेम ३९, म्हणजे मावण्यात फार फरक नाही, पण गार पाण्यात जाडं मीठ विरघळायला वेळ खूप घेतं. जिरेपूड विरघळत नाहीच, ती वरून भुरभुरवा.

कोकम सोडा करणार असाल तर सगळं उलटं, गॅस थंड पाण्यातच जास्त राहतो, २५ अंशाच्या पाण्यापेक्षा ० अंशाला दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड मावतो. त्यामुळे सोडा आणि अमृत कोकम दोन्ही कडक गार हवेत, आधी कोकम ग्लासात आणि सोडा शेवटी, कडेने हळू. कोमट सोडा ओतलात तर सगळा फेस वर येतो आणि प्यायला नुसतं गोड पाणी उरतं.

अर्धा स्टार कापलाय तो झाकणासाठी, जरा ढिलं आहे, बाटली आडवी झाली की चिकट ओघळ येतात. आणि बचत गटाच्या ताईंना एक विनंती, लेबलवर एवढं एक वाक्य छापाच, "थंडीत साखरेचे खडे होऊ शकतात, बाटली कोमट पाण्यात ठेवावी", निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. डायबेटिस असलेल्यांनी हे न घेता आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घ्यावं, त्यात साखर नसते, पण मीठ भरपूर असतं तेव्हा बीपीवाल्यांनी बेताने.